भरलेलं बंदर आणि एक रात्र : शिडाच्या होडीच्या मुक्कामाचा प्रकरण अभ्यास

संध्याकाळी ७ वाजता आम्ही बंदराच्या तोंडाशी पोहोचलो, तेव्हा तरंगत्या धक्क्याला एकाला एक लागून होड्यांच्या तीन-तीन रांगा झाल्या होत्या. पाहुण्या होड्यांना बांधायला ठेवलेले पिवळे बोये, म्हणजे तळाशी अडकवलेले तरंगते गोळे, सहा होते आणि सहाही गेलेले. व्हीएचएफवर, म्हणजे होडीवरच्या रेडिओवर, बंदराच्या ऑफिसला हाक दिली. पलीकडचा माणूस समजुतीने बोलला, पण उत्तर स्पष्ट होतं : शर्यतीच्या होड्या आल्यात, आज एकही जागा नाही, तिसऱ्या रांगेबाहेर कुणाला लावू देत नाही, मधली वाट फेरीबोटीसाठी मोकळी लागते.

सूर्यास्त ८:२५ ला होता. त्यानंतर फार तर पाऊण तास कामापुरतं दिसणार. हवामानाच्या अंदाजात लिहिलं होतं की नैर्ऋत्येचा वारा, जो आत्ता १४ नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आसपास होता, तो पहाटे २ ते ४ च्या दरम्यान वायव्येला फिरेल आणि २५ नॉटच्या घरात जाईल.

होडीवर आम्ही चौघं : मी, बायको, तिचा धाकटा भाऊ आणि त्याचा एक मित्र. मित्राची ही पहिलीच सफर. होडी ११ मीटर लांब, पाण्याखाली १.९ मीटर. नांगर १६ किलोचा, त्याला ८ मिलिमीटरची ५० मीटर साखळी आणि पुढे ३० मीटर नायलॉनचा दोर. होडी चालवायची, म्हणजे निर्णय घ्यायची, जबाबदारी माझी होती.

हे सगळं सविस्तर मांडतोय, कारण त्या संध्याकाळी पुढच्या पावणेदोन तासांत आमच्यासमोर जेवढे पर्याय आले, त्यातला जवळजवळ प्रत्येक पर्याय मुक्कामाची जागा शोधणाऱ्याच्या वाट्याला कधी ना कधी येतो. आणि ती वेळ आमच्यावर आली कशी, हेही सांगायला हवं. त्याचं उत्तर संध्याकाळच्या ७ मध्ये सापडत नाही, दुपारच्या सव्वाचारमध्ये सापडतं.

दुपारचे ४:१५

एकूण अंतर ३४ सागरी मैल. साडेपाच नॉटचा वेग धरला तर सव्वासहा तास. सकाळी ९ ला निघायचं ठरलं होतं, निघालो ११:३० ला. वारा सकाळभर मंद होता आणि वेग पडला साडेचार नॉट. म्हणजे साडेसात तास.

सव्वाचारला आमच्या डाव्या हाताला एक प्रशस्त खाडी होती. नकाशावर तळ वाळूचा, खोली पाच-सहा मीटर, नैर्ऋत्य आणि वायव्य दोन्हीकडून डोंगराचा आडोसा. त्या वेळी होडी छान चालली होती, शिडं भरलेली होती, मेहुण्याच्या मित्राच्या हातात पहिल्यांदाच सुकाणू होतं आणि तो खुशीत होता. पुढच्या बंदरापर्यंत साडेबारा मैल उरले होते. फोनला रेंज होती. बंदराच्या ऑफिसचा नंबर आमच्याकडच्या मार्गदर्शक पुस्तकात होता, पुस्तक माझ्या शेजारीच पडलं होतं.

मी फोन केला नाही. दोन मिनिटांचं काम होतं. "जागा नाही" हे तेव्हा कळलं असतं, तर आम्ही त्या खाडीत वळलो असतो, पाचच्या आत नांगर टाकला असता, आणि नांगराने एकदा दगा दिला असता तरी पुन्हा टाकायला तीन तासांचा उजेड हाताशी होता. या प्रकरणातली खरी चूक ही. वारा कमी पडणं किंवा उशिरा निघणं हे सफरीत होतच असतं. पण वेळेचं गणित बदललं की मुक्कामाचंही गणित नव्याने मांडावं लागतं, ते मी मांडलं नाही.

बंदरात जागा भरण्याला एक ठरलेली चाल असते. रात्रीचे मुक्कामी साधारण सकाळी ९ ते ११ मध्ये निघतात, जागा रिकाम्या होतात, दुपारनंतर पुन्हा भरायला लागतात. हंगामाच्या दिवसांत, सुट्टीला जोडून किंवा शर्यत असली की दुपारी ३-४ लाच बंदर गच्च होतं. बरीचशी बंदरं आगाऊ जागा राखून देतात, काही देत नाहीत, आणि जी देत नाहीत ती आधी येईल त्याला देतात. दोन्ही बाबतींत दुपारच्या फोनला किंमत आहे.

रिकामा बोया

बंदराच्या ऑफिसशी बोलणं संपलं तेवढ्यात मेहुण्याने बोट दाखवलं. "दाजी, तो तिकडचा बोया रिकामाच आहे की."

होता खरा. धक्क्यापासून दूर, स्थानिक होड्यांच्या रांगेत, एक लाल बोया मोकळा. रिकामा बोया दिसला की थकलेल्या माणसाला तो आपल्यासाठीच ठेवलाय असं वाटतं. पण खाजगी बोयाला दोन अडचणी असतात. एक म्हणजे तो कुणाचा तरी आहे, आणि तो माणूस रात्री ११ वाजता परत येऊ शकतो. दुसरी अडचण जास्त गंभीर : पाण्याखाली काय आहे ते आपल्याला माहीत नसतं. तळाशी काँक्रीटचा ठोकळा असेल, किंवा जुना नांगर असेल, त्याचं वजन चार मीटरच्या मासेमारी डिंगीला पुरेल एवढंच असेल. साखळी शेवटची कधी तपासली, तेही ठाऊक नसतं.

तरी मी जवळ गेलो. बायकोने बोटहुकने बोयाचा दोर उचलला आणि सगळ्यांनी वाकून पाहिलं. पाण्याबाहेरचा हात-दीड हात दोर बरा होता. त्याखाली हिरवं शेवाळ, त्याखाली कालवांचा थर, एवढा जाड की दोर दिसेना. बोयाखालच्या कडीला जिथे शॅकल, म्हणजे साखळी जोडायची कडी, अडकली होती तिथे धातू झिजून पेन्सिलीएवढा बारीक झाला होता. महिनोन् महिने या बोयावर कुणी होडी बांधली नव्हती. दोर पाण्यात सोडला आणि मागे फिरलो.

पाहुण्यांसाठीच्या बोयांची गोष्ट वेगळी. त्यांवर बहुतेक वेळा किती लांबीच्या किंवा किती टनांच्या होडीपर्यंत चालेल हे लिहिलेलं असतं, देखभाल होते, आणि पैसे मोजले की तक्रार करायला कुणीतरी असतं. पण तिथेही जमेल तेव्हा पाण्यात डोकावून कडी आणि शॅकल पाहून घ्यावी.

मासेमारी बोटीच्या कुशीत

जुन्या दगडी धक्क्याला एक मासेमारी बोट लागली होती. तिच्या बाहेरच्या अंगाला बांधता येईल का, म्हणून जवळ गेलो. डेकवर जाळं आवरणाऱ्या खलाशाला विचारलं. त्याने ना म्हटलं नाही. एवढंच म्हणाला, "लावा, पण आम्ही तीनला निघतो."

पहाटे ३. नेमका वारा फिरण्याचा सुमार. म्हणजे अंधारात, वायव्येच्या जोरात, आपले दोर सोडायचे, बाजूला व्हायचं, त्याची बोट बाहेर काढून द्यायची आणि मग गर्दीच्या बंदरात पुन्हा कुठेतरी बांधायचं. चौघांपैकी एक जण नवखा. मी त्याचे आभार मानले आणि पुढे निघालो. त्याने खरी वेळ सांगितली म्हणून वाचलो. विचारलं नसतं तर संध्याकाळ फार सुखात गेली असती.

दुसऱ्याच्या होडीला लागायचं तर आधी त्याची निघायची वेळ विचारायची, हे तेव्हापासून आमच्या होडीवर पक्कं आहे. बाकीच्या गोष्टी सवयीने येतात : फेंडर, म्हणजे होड्या घासू नयेत म्हणून मध्ये टांगायचे फुगे, आपणच लावायचे, फक्त शेजारच्या होडीला न बांधता पुढून आणि मागून आपले स्वतःचे दोर थेट किनाऱ्याला न्यायचे, दोन्ही होड्यांच्या डोलकाठ्या एकमेकींसमोर येऊ द्यायच्या नाहीत, कारण लाटेवर दोघी डोलल्या की वरच्या आडव्या काठ्या एकमेकींत अडकतात. आणि किनाऱ्यावर जाताना शेजाऱ्याच्या कॉकपिटमधून न जाता पुढच्या डेकवरून, हलक्या पावलांनी.

पाच होड्यांची खाडी

आता साडेसात झाले होते. बंदराबाहेर पाऊण मैलावर एक छोटी खाडी होती आणि तिथे पाच होड्या नांगर टाकून शांत उभ्या होत्या. नैर्ऋत्येच्या वाऱ्याला मागच्या टेकडीचा आडोसा, पाणी आरशासारखं. एका होडीवर दिवेही लागले होते. बायको म्हणाली, "इतके लोक इथे थांबलेत, म्हणजे जागा चांगलीच असणार."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्या क्षणाला ती जागा खरोखर उत्तम होती. मी नकाशा पुढ्यात घेतला आणि पहाटेच्या वाऱ्याची दिशा बोटाने ओढून पाहिली. खाडीचं तोंड वायव्येला उघडं. वारा फिरला की तो सरळ समुद्रावरून आत येणार, आणि मागची टेकडी, जी आत्ता आडोसा देत होती, तीच आपल्या पाठीमागचा खडकाळ किनारा होणार. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. १४ नॉटचे २६ झाले तर होडीवरचा जोर साडेतीन पटीच्या जवळ जातो, आणि उघड्या समुद्रावरून आत शिरणाऱ्या लाटांचे झटके त्यावर वेगळे.

ज्या होड्या आधीपासून उभ्या आहेत त्यांच्याकडे बघून जागा निवडणं ही मला सगळ्यात फसवी सवय वाटते. ते लोक कदाचित रात्री ९ ला निघणार असतील. कदाचित त्यांनी अंदाज वाचलाच नसेल. प्रत्येक होडीवर आपल्यासारखाच कुणीतरी "बाकीचे थांबलेत" म्हणून थांबलेला असू शकतो. जागा ठरवताना आत्ताचा वारा न बघता रात्रभरातला सगळ्यात वाईट तास बघायचा.

नदीचं मुख

अडीच मैलांवर एक नदी समुद्राला मिळते. आत गेलं की दोन्ही वाऱ्यांपासून पूर्ण आडोसा. मुखावर वाळूचा दांडा आहे आणि नकाशात त्याच्यावरची खोली ०.९ मीटर. सुकती, म्हणजे ओहोटीचं सगळ्यात कमी पाणी, रात्री ८:१० ला, ०.६ मीटर. भरती २:२० ला, ४.४ मीटर. हे आकडे नकाशातल्या खोलीत मिळवायचे, म्हणजे सुकतीला दांड्यावर दीड मीटर पाणी, आणि आमच्या होडीला एकटीलाच १.९ लागतं.

लाटांच्या उतारासाठी आणि चुकीसाठी एक मीटर हाताशी ठेवायचं म्हटलं तर २.९ मीटर पाणी हवं. त्यासाठी सुकतीपासून पाणी १.४ मीटर चढायला हवं. इथे बाराव्या हिश्शाचा जुना हिशेब कामी येतो : पहिल्या तासात एकूण चढाचा एक बारांश, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. एकूण चढ ३.८ मीटर, म्हणजे एक बारांश सुमारे ०.३२. दोन तासांत ०.९५, तीन तासांत १.९. आपल्याला हवं ते १.४ साधारण अडीच तासांनी, रात्री १०:४० ला.

अंधारात, अनोळखी दांड्यावरून, आत दिवे नसलेल्या नदीत. हा पर्याय कागदावरच सोडला.

रात्रभर समुद्रातच राहणं हाही पर्याय होता, आणि तो विसरू नये. किनाऱ्यापासून पुरेसं लांब गेलं की आपटायला काही नसतं. पण साडेसात तास चालून आलेली माणसं, त्यात एक नवखा, आणि समोर वारा वाढणारी रात्र. तो शेवटचा पर्याय म्हणून ठेवला.

तीन मैलांवर

उरली ती भूशिराला वळसा घालून पूर्वेला उघडणारी खाडी. नैर्ऋत्येलाही आडोसा, वायव्येलाही. अंतर तीन मैल, इंजिनवर पाच नॉटने ३६ मिनिटं. नकाशावर तळाची खूण वाळूची होती, मध्ये मध्ये समुद्री गवताची. आग्नेय कोपऱ्यात सुकतीला उघडा पडणारा एक खडक. पाण्याखालून गेलेली तार किंवा नांगर टाकायला मनाई असल्याची खूण कुठे नव्हती.

७:४० ला निघालो, ८:१६ ला पोहोचलो. खाडीत एकही होडी नव्हती, आणि मला ते बघून क्षणभर बरं वाटलं नाही. मघाशीच मी मनात म्हटलं होतं की दुसऱ्यांकडे बघायचं नाही, तरी पोटात गोळा आलाच.

पहिला नांगर ८:२० ला टाकला. मेहुणा नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, साखळीवर हात ठेवून. मी इंजिन हळूहळू मागे घेतलं. साखळी ताणली, सैल झाली, पुन्हा ताणली. मेहुणा ओरडला, "थरथरतेय, दाजी. दगडावरून काहीतरी फरफटत नेल्यासारखी." नांगर घसरत होता. वर उचलला तर त्याच्या पात्यात पेंढीएवढं गवत अडकलेलं, आणि पातं तळात गेल्याची काही खूण नाही. गवताच्या गादीवर नांगर लोळतो, रुतत नाही. आणि गवत उपटून निघतं ते नुकसान वेगळंच. भूमध्य समुद्रात पोसिडोनिया नावाचं समुद्री गवत अतिशय सावकाश वाढतं, आणि बॅलेरिक बेटांमध्ये २०१८ पासून त्याच्यावर नांगर टाकायलाच बंदी आहे. आपल्या सोयीसाठीही आणि गवतासाठीही, मोकळी वाळू शोधायची.

उजेड जात चालला होता. बायको नाळेवर जाऊन पाण्यात बघत राहिली. गवत गडद दिसतं, वाळू फिकट. सूर्य डोक्यावर असताना हे सहज दिसतं, मावळत्या उजेडात मोठ्या कष्टाने. तिने हाताने डावीकडे, अजून डावीकडे, असं दाखवत नेलं आणि एका फिकट पट्ट्यावर हात खाली केला.

साखळी किती सोडायची हा या रात्रीतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा होता. डेप्थ साउंडर, म्हणजे खोली मोजायचं यंत्र, ३.८ मीटर दाखवत होता. आमचा साउंडर पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतो. काही होड्यांचा कीलच्या, म्हणजे होडीच्या तळाखालच्या पात्याच्या, टोकापासून मोजतो, आपला कुठला ते ठाऊक असायलाच हवं. साखळी ज्यावरून खाली जाते तो नाळेवरचा रोलर पाण्यापासून १.२ मीटर वर. बेरीज ५ मीटर. पूर्ण साखळी असेल तर पाचपट धरतात, म्हणजे २५ मीटर. असा हिशेब करून बरेच जण झोपतात.

पण सुकती नुकतीच होऊन गेली होती. पहाटे २:२० ला इथे ३.८ मीटर पाणी अजून चढणार. ३.८ अधिक ३.८ अधिक १.२, म्हणजे ८.८. त्याच्या पाचपट ४४ मीटर. २५ मीटरच सोडली असती तर भरतीला तिचं प्रमाण तीनपटीच्याही खाली गेलं असतं, आणि तेही नेमकं वारा फिरण्याच्या वेळी. साखळी जितकी तिरकी वर उचलली जाईल तितका नांगर तळातून उपटला जातो. मंद वाऱ्यात साखळीचं वजन, आमच्या ४४ मीटरचं साठेक किलो, तिला तळाशी झोपवून ठेवतं. जोराच्या वाऱ्यात ती तारेसारखी सरळ होते आणि मग फक्त लांबी कामाला येते. साखळीऐवजी बराचसा दोर असेल तर सातपट हवी.

आम्ही ४४ मीटर सोडली. मग फिरण्याचं वर्तुळ मोजलं : साखळीचा आडवा पसारा सुमारे ४४ मीटर, अधिक होडीची लांबी ११, म्हणजे ५५ मीटरची त्रिज्या. वायव्येच्या वाऱ्यात होडीचं शेपूट आग्नेयेला, म्हणजे त्या खडकाकडे जाणार. नांगरापासून खडक ९० मीटर. ३५ मीटर मोकळे. चालेल.

इंजिन मागे, आधी १५०० फेरे, मग २०००, आणि तिथे अर्धा मिनिट धरून ठेवलं. मी किनाऱ्यावरचा एक पांढरा खांब आणि त्याच्यामागचं झाड एका ओळीत धरून बघत होतो. दोघं जागचे हलले नाहीत. मेहुण्याने साखळीवरचा हात उचलला नाही. "दगडासारखी. काहीच कळत नाहीये हाताला."

हेच ऐकायचं होतं. ८:४५ झाले होते.

साखळीला हूक लावून सहा मीटरचा नायलॉन दोर नाळेच्या क्लीटला, म्हणजे दोर बांधायच्या खुंट्याला, बांधला, म्हणजे झटका दोर ताणून घेतो आणि साखळी ओढणाऱ्या विंडलासवर भार येत नाही. डोलकाठीच्या टोकावरचा चहूकडून दिसणारा पांढरा दिवा लावला. टकरी टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम पाहिले तर ५० मीटरपेक्षा लहान होडीला नांगरावर असा एक दिवा चालतो, आमच्या आकाराच्या होडीचा दोन मैलांवरून दिसायला हवा, आणि दिवसा त्याच्याजागी काळा गोळा टांगायचा असतो. रिकाम्या खाडीतही लावायचा. रात्री १२ ला आपल्यासारखाच कुणीतरी जागा शोधत आत येऊ शकतो.

फोनवरच्या नांगराच्या अलार्मबद्दल एक सांगतो, कारण ही चूक मी आधी केली आहे. अलार्मचा मध्य नांगर जिथे पडला तिथे ठेवायचा. होडी आत्ता जिथे उभी आहे तिथे ठेवला, तर वारा फिरून होडी पलीकडे गेली की अलार्म उगाच वाजतो, किंवा तो वाजू नये म्हणून आपण वर्तुळ इतकं मोठं करतो की त्याला अर्थ उरत नाही. नांगर पाण्यात पडताना मी जागा नोंदवली होती. त्रिज्या ६५ मीटर ठेवली.

पहाट

१ ते ३ माझा पहारा. पावणेतीनपर्यंत होडी इतकी शांत होती की पाण्याचा आवाजही नव्हता. २:५० ला आधी पाऊस आला, मग एक क्षण वारा पूर्ण पडला, आणि मग वायव्येकडून आला तो धक्क्यानेच. होडी आडवी झाली, कलली, नाळ वळत वळत वाऱ्याच्या तोंडावर आली. चार-पाच मिनिटं लागली असतील. नायलॉनचा दोर करकरला, ताणला आणि तसाच राहिला.

खांब आणि झाड अंधारात दिसत नव्हते. भूशिरावरच्या दीपगृहाची कंपासवरची दिशा मी झोपण्याआधी लिहून ठेवली होती, पण होडी फिरली की ती बदलणारच. म्हणून फोनच्या पडद्यावरची आमची वाट बघत राहिलो. ती चंद्रकोरीसारखी वळत गेली आणि नांगरापासून ५२ मीटरवर थांबली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, ५२-५३ च्या पुढे आकडा गेला नाही. साउंडर ६.९ मीटर दाखवत होता, तळ खडकाच्या बाजूला थोडा चढतो त्यामुळे तो आकडा जुळत होता. मेहुणा आपणहून उठून वर आला. आम्ही दोघं पाऊण तास काहीही न बोलता तो आकडा बघत बसलो.

३:१० ला व्हीएचएफच्या १६ नंबरवर एक आवाज आला. पाच होड्यांच्या त्या खाडीतून. नांगर घसरतोय, इंजिन चालू आहे, बाहेर पडायचा प्रयत्न करतोय. दुसऱ्या होडीने उत्तर दिलं आणि मोठा दिवा दाखवून त्याला खाडीच्या तोंडातून बाहेर काढलं. दोघं सुखरूप खुल्या पाण्यात गेले हे रेडिओवरच कळलं. बायको जिन्यात उभी राहून ऐकत होती. तिने काही म्हटलं नाही, फक्त आमच्याकडे दोन कोरडे टॉवेल दिले.

सकाळी

साडेनऊला नांगर उचलला. घट्ट रुतला होता. साखळी सरळ खाली येईपर्यंत आवळली, होडीला लाटेवर दोनदा डोलू दिलं, मग तो सुटला. पात्यावर करडी वाळू आणि तिच्याखाली चिकट माती, हाताने खरवडून काढावी लागली. म्हणजे तळ नकाशात होता त्याहून चांगला होता, आमचं नशीब.

बंदराला मी ८:३० लाच फोन केला होता. दोन बोये दहापर्यंत मोकळे होतील असं सांगितलं. साडेदहाला त्यातला एक धरला. धरण्याआधी बाकीच्या बोयांवरच्या होड्या कुठे तोंड करून उभ्या आहेत ते पाहिलं : त्या वाऱ्याकडे बघत नव्हत्या, भरतीच्या प्रवाहाकडे बघत होत्या. म्हणून आम्हीही प्रवाहाच्या तोंडावरून गेलो आणि होडी बोयाजवळ जवळपास आपोआप थांबली. मेहुण्याच्या मित्राने बोटहुकने कडी धरली. आम्ही दोन दोर कडीतून घेऊन दोन्ही बाजूच्या क्लीटला वेगवेगळे बांधले आणि प्रत्येकाला कडीवर एक वेढा जास्त दिला, कारण कडीतून सैल फिरणारा दोर रात्रभर करवतीसारखा घासून स्वतःलाच कापतो.

दुपारी पुढच्या दिवसाचा मार्ग आखायला बसलो. वहीत या वेळी दोन जागी वेळा लिहिल्या. १२:३० : फोन. १७:०० : फोन झालेला असो वा नसो, वाटेतल्या खाडीचा निर्णय. मित्राने विचारलं की १७:०० च का. आम्ही सूर्यास्तापासून मागे मोजत गेलो : नांगर नीट रुतवायला आणि एकदा चुकायला एक तास, भरलेल्या बंदरातून दुसरी जागा गाठायला एक तास, बंदरात विचारपूस करायला अर्धा तास, आणि उरलेला जवळजवळ एक तास वारा पडला तर लागेल म्हणून. त्याने आपल्या अक्षरात ती वेळ पुन्हा एकदा लिहिली, वर्तुळ केलं, आणि वही सुकाणूपाशी चिकटवली.